भोकं पडलेली पानं

राजारामपुरीतल्या आमच्या घरामागं लिंबाचं एक झाड आहे. पावसाळ्यात त्याचं एकही पान धड राहत नाही. कुणाच्या कडा कुरतडलेल्या, कुणाला मधोमध भोकं, शेंड्याला तर नुसते देठ. बागेत कामाला येणाऱ्या काकांना ते बघवत नाही. "बाई, आळ्यांनी पार फस्त केलंय की हो झाड. औषध मारू काय?" असं ते दरवर्षी विचारतात आणि दरवर्षी मी नको म्हणते.

प्राणिशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. पक्ष्यांसाठी राधानगरी-दाजीपूरचं रान तुडवलं, कळंबा तलावाच्या काठावर कितीतरी पहाटा काढल्या. पण पक्षी आपली पिल्लं कशावर वाढवतो, हे मला या लिंबानं शिकवलं.

इथं राहायला आलो तेव्हा मीही एकदा फवारणी करवून घेतली होती. झाड आठवड्यात तजेलदार दिसू लागलं. लिंबाशेजारीच अनंताच्या झाडात शिंपी पक्ष्याचं घरटं होतं. पानाच्या कडांना चोचीनं भोकं पाडून, कापसाच्या आणि कोळिष्टकाच्या धाग्यांनी टाचलेलं. आत नुकतीच फुटलेली पिल्लं होती. फवारणीआधी नर-मादी मिनिटामिनिटाला काहीतरी चोचीत धरून यायचे. नंतर त्यांच्या फेऱ्यांमधलं अंतर वाढत गेलं. चौथ्या दिवशी घरटं गप्प झालं. त्यानंतर आमच्या बागेत औषध आलं नाही.

आपण गॅलरीत तांदूळ टाकतो, बाजरी ठेवतो. चिमणी ती खाते, पण पिल्लांना पहिल्या दिवसांत ती आळ्या आणि किडेच भरवते. शिंजीर जास्वंदीतला मध पितो, पण पिल्लांसाठी कोळी आणि बारीक किडे टिपून आणतो. पिसं, हाडं, स्नायू दोन आठवड्यांत उभे करायचे तर प्रथिनं लागतात आणि ती मऊ आळीत असतात. अमेरिकेत चिकडी नावाचा चिमणीएवढाही नसलेला एक पक्षी आहे. एका वेळची पिल्लं उडती करायला त्याच्या जोडीला सहा ते नऊ हजार आळ्या लागतात. वॉशिंग्टन परिसरातल्या घरबागांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्या बागांत देशी झाडझाडोरा ७० टक्क्यांहून कमी, तिथं या पक्ष्याची संख्या टिकत नाही, असं त्यात दिसलं. कारण साधं आहे: परदेशी शोभेची झाडं तिथल्या आळ्या खात नाहीत.

आमच्या लिंबावर मात्र सगळ्यांचं पान वाढलेलं असतं. लिंबाळी फुलपाखराची कोवळी आळी पांढऱ्या-तपकिरी रंगाची, थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि त्या सोंगामुळं वाचते. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. बोट लावलं तर डोक्यामागून नारिंगी दुशिंगी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. नीलवंत याच झाडावर वाढतो. २०१५ साली महाराष्ट्रानं त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. असं फुलपाखरू ठरवणारं हे देशातलं पहिलं राज्य. ज्याला पानं शाबूत हवीत, त्याच्या अंगणात हा मानकरी जन्मणार कुठून?

पानापासून निघालेली साखळी पुढं कुठवर जाते, तेही इथंच दिसतं. एका वर्षी जास्वंदीत बुलबुलानं घरटं केलं होतं. आळ्यांवर पोसलेली तीन पिल्लं डोळे उघडत होती, तेवढ्यात भारद्वाज फांद्यांत शिरला आणि एकेक करून घेऊन गेला. शेजारच्या काकू कळवळल्या. ज्याचं दर्शन शुभ मानायचं, त्यानंच असं करावं! पण भारद्वाजाचीही घरट्यात पिल्लं होती. बुलबुलांनी पुन्हा काड्या जमवल्या, आणि त्या खेपेची पिल्लं उडाली.

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात जेनिफर ओवेन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी घरच्या बागेच्या नोंदी तीस वर्षं ठेवल्या. एकूण २,६७३ जाती भरल्या. त्यांत कीटकांच्या १,९९७ आणि पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या, पक्षी धरून, फक्त ६४. हे आकडे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून दाखवत असे. आपल्याला दिसतो तो पक्षी म्हणजे कळस. खालचं सगळं देऊळ किड्यांचं असतं.

आमच्या गल्ल्यांतले बंगले एकेक करून अपार्टमेंट होत आहेत, परड्यांवर फरशी बसते आहे. तरी गॅलरीतल्या कुंडीत कढीपत्ता लावता येतो. त्यावर बहुरूपी फुलपाखरू अंडी घालून जातं. पानं कुरतडलेली दिसली तर कुंडी बदलू नका. अर्धी पानं आमटीला घ्या, अर्धी आळ्यांना ठेवा.

आता दिवाळीच्या तोंडावर घराबरोबर बागही झाडूनपुसून लख्ख करायची घाई असते. नेमके याच दिवसांत उत्तरेकडून पर्णवटवटे येतात. बोटभर लांबीचा, दहा ग्रॅमही न भरणारा, हिरवट रंगाचा हा पक्षी हिमालय आणि त्याच्याही पलीकडच्या रानांतून हिवाळा काढायला आपल्याकडं येतो. त्याला दाणे नको असतात, फळं नको असतात. तो पानामागून पान उलटं-सुलटं तपासत किडे टिपतो आणि मधूनच 'चिविट' करतो. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून डॉ. सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर, महाराष्ट्र पक्षी सप्ताह साजरा करतो. त्या आठवड्यात दुर्बीण नसली तरी चालेल. सकाळी चहाचा कप घेऊन एका झाडासमोर अर्धा तास बसा.

काल सकाळी लिंबात 'चिविट' ऐकू आलं. काका फवारणीचा पंप नव्हे, खराटा घेऊन उभे होते. त्यांनी हात थांबवला, मान वर केली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, आला बघा तुमचा पाहुणा."