तिपाई किती वाकते?

पहिला ट्रायपॉड आम्ही त्याची उंची पाहून घेतला. दुकानात तो पूर्ण उघडला, कॅमेरा नेमका डोळ्यांच्या पातळीत आला आणि आम्हां दोघा मित्रांना निवड झाली असे वाटले. वजनाला हलका, हाही गुणच मानला.

त्या सप्टेंबरात साताऱ्याजवळच्या कास पठारावर हे गणित चुकले. तेथे जांभ्या खडकावर मातीचा थर इतका पातळ, की कित्येक फुले वीतभरही वाढत नाहीत. ‘सीतेची आसवे’ टिपायची तर कॅमेरा जमिनीलगत न्यायला हवा. आमच्या ट्रायपॉडचा मधला दांडा मात्र जमिनीला टेकून अडत होता. पाय अधिक फाकवावेत तर ती सोय नव्हती. फुलाचे मापास माप चित्र घेताना सेन्सरवर पोहोचणारा प्रकाश सुमारे एक चतुर्थांश उरतो, आणि छिद्र एफ १६ इतके बारीक करूनही जेमतेम दोन मिलिमीटर खोलीच स्पष्ट येते. मग ढगाळ हवेत शटर बराच वेळ उघडे ठेवणे आले, आणि ते हातांच्या भरवशावर होत नाही. त्यातच वारा. हलका ट्रायपॉडही थरथरे. आणि तो स्थिर राहिला, तरी फूल थोडेच स्थिर राहणार?

गुडघ्यांवर बसून, वाट पाहून अखेर एक छायाचित्र साधले. ट्रायपॉड उचलला, तेव्हा एका पायाच्या रबरी बुडाखाली दवबिंदूचे रोपटे चिरडलेले दिसले. कीटक धरून ठेवणारे त्याचे चिकट थेंब रबराला लागले होते. आम्ही एकमेकांशी काही बोललो नाही.

दुसरा ट्रायपॉड घेताना आम्ही तो उघडण्याऐवजी जमिनीवर पसरून पाहिला. मधला दांडा नाही, प्रत्येक पाय हव्या त्या कोनात स्वतंत्रपणे थांबतो, वजन थोडे अधिक. उंची कमरेपर्यंतच, तिची आता फारशी गरजही वाटत नाही. चौकट ठरवण्यापूर्वी तीन पाय कोठे टेकतील ते पाहतो: उघडा खडक किंवा पायवाटेची कड. तशी जागा नसेल, तर फूल नुसते पाहून पुढे जातो.

ते जुने छायाचित्र चांगलेच उतरले आहे. मित्रमंडळी त्याची स्तुती करतात. चौकटीच्या डाव्या कडेबाहेर काय होते, हे त्यांना आम्ही अद्याप सांगितलेले नाही.