केपची वाट

गेले दोन महिने आमच्या मुलुंडच्या घरात जेवणाच्या टेबलावर ताटं कमी आणि नकाशा जास्त असतो. नकाशा दक्षिण आफ्रिकेचा. माझी मुलगी त्यावर पेन्सिलीने खुणा करते. केपटाऊनहून एन-2 हा हमरस्ता धरायचा. पहिला मुक्काम मोसेल बे, सुमारे 390 किलोमीटरवर. मग जॉर्ज, वाइल्डरनेस, नायस्ना, प्लेटेनबर्ग बे आणि शेवटी त्सित्सिकामाच्या जंगलाला लागून असलेलं स्टॉर्म्स नदीचं मुख. किनाऱ्याच्या या पट्ट्याला 'गार्डन रूट' म्हणतात. हॉटेल नाही, रोज रात्री तंबू.

"अम्मी, स्टॉर्म्स रिव्हरला तंबू अगदी लाटांसमोर लावता येतो," ती म्हणते.

शेजारच्या वहिनींनी विचारलं, "अहो, या वयात तंबूत झोपणार?" मी हसून वेळ मारून नेली. खरं कारण सांगायचं तर घरातली झाकलेली गोष्ट उघडावी लागली असती.

आम्ही मूळचे खेड तालुक्यातले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आमच्या भागातले कोकणी मुसलमान पोटासाठी केपटाऊनला जात आले. गावात त्याला नुसतं 'केप' म्हणत. "तिचा माणूस केपला आहे" एवढं म्हटलं की पुढचं सगळं समजायचं. मनीऑर्डर येणार, दोन मजली घर उठणार आणि त्या घरात बाई एकटी राहणार.

माझे दादा पोरवयातच त्यांच्या वडिलांबरोबर केपला गेले. लग्नाला गावी आले. एक मुलगा झाला, ते माझे अब्बा. मग परवान्याची मुदत संपायच्या आत दादा परत गेले, कारण वेळेत पोचलं नाही तर तिथे राहण्याचा हक्कच जायचा. अब्बा तेरा वर्षांचे असताना एक पत्र आलं. दादीला वाचता येत नव्हतं. उर्दूतलं ते पत्र अब्बांनीच मोठ्याने वाचायला घेतलं आणि मध्येच थांबले. दादी म्हणाली, "पुढं वाच." दादांनी तिथल्या एका मलायी घरातल्या मुलीशी निकाह केला होता.

पुढे 1953 साली तिथल्या गोऱ्या सरकारने कायदा करून भारतातून बायका-मुलांना आणण्याची वाटच बंद केली. दादीला जायचं होतं की नव्हतं, हे तिला कोणी विचारलंच नाही. आधी नवऱ्याने ठरवलं, मग सरकारने. इकडे आपल्या सरकारने वर्णभेदाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेशी संबंध तोडले होते. अब्बांच्या जुन्या पासपोर्टवर तो देश वगळल्याचा शिक्का आहे. निषेध योग्यच होता. पण त्या शिक्क्यामुळे अब्बांना न जाण्याचं एक चांगलं कारणही मिळालं. दादा 1971 मध्ये तिकडेच वारले. 1993 मध्ये दोन्ही देशांचे संबंध पुन्हा जुळले, तरी अब्बांनी त्या घराचं नाव कधी काढलं नाही.

अब्बा गेल्यानंतर त्या दुसऱ्या घरच्या नातीने मला शोधून काढलं. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. फोनवर इंग्रजीत बोलता बोलता मध्येच 'म्हावरा' म्हणते, तेव्हा दूरच्या खोलीतून दादीच बोलल्यासारखं वाटतं. या प्रवासाची कल्पना तिचीच.

मी बरेच दिवस टाळत राहिले. ज्या देशाने दादीचं आयुष्य गिळलं, तिथे मी सहलीला जायचं? मांस भाजत, लाटा बघत? शेवटी मी तिला तसं बोलून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आपा, त्या किनाऱ्यावर आम्हीही कधी बसलो नाही."

तिच्या लहानपणी तिचे वडील सुट्टीत याच रस्त्याने गाडी घेऊन निघत. वाटेत एकाहून एक सुंदर किनारे. प्रत्येकावर पाटी, फक्त गोऱ्यांसाठी. मुलं गाडीच्या काचेतून समुद्र बघत. डबा रस्त्याच्या कडेला उघडायचा, हात बाटलीच्या पाण्याने धुवायचे आणि पुढे निघायचं. या पाट्यांना बळ देणारा सार्वजनिक जागांच्या वाटणीचा कायदाही 1953चाच. तो 1990 मध्ये रद्द झाला. पण तोवर तिचे वडील थकले होते. "मला तिथे तंबू ठोकायचा आहे," ती म्हणाली. "आणि तू सोबत हवीस."

एकाच वर्षाच्या दोन कायद्यांनी दादांच्या दोन्ही घरांना दाराबाहेर ठेवलं होतं. आम्ही मात्र इतकी वर्षं एकमेकींनाच दार लावून बसलो होतो. दादांनी केलं ते मी अजून माफ केलेलं नाही. पण त्याचा हिशेब त्या मलायी बाईच्या नातीकडे मागायचा नाही, एवढं मला कळलं.

मग तयारी सुरू झाली. तिकडे थंडीत, जून ते ऑगस्ट, केपटाऊनला पाऊस. डिसेंबरात शाळांच्या सुट्ट्यांची गर्दी. म्हणून रमजान ईद झाल्यावर, एप्रिलमध्ये जायचं ठरलं. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवायची, त्यामुळे मुलगी निर्धास्त आहे. आंतरराष्ट्रीय परवाना तिने काढून ठेवलाय. हलाल मांस केपटाऊनमध्ये सहज मिळतं. ते बर्फाच्या पेटीत घालून न्यायचं. मसाला माझ्याकडून. नमाज मुसाफिराची, कसर. फक्त दिशेची सवय बदलावी लागेल. मुलुंडला आपण पश्चिमेकडे तोंड करतो, तिथे किब्ला उत्तरेकडे, जरासा पूर्वेला. समुद्र दक्षिणेला, म्हणजे सजद्यात तो पाठीशी असेल.

परवा सोसायटीच्या गच्चीवर तंबू उभारून पाहिला. गच्चीत खुंट्या कशा ठोकणार? चार कोपऱ्यांना पाण्याचे कॅन बांधले. समोर नॅशनल पार्कचे डोंगर. वॉचमन म्हणाला, "बाई, बिबट्या येईल हां!" मी आत शिरून आडवी झाले. गुडघे कुरकुरले, पण जमलं.

मुलीने झोपायच्या पिशव्यांची यादी केली. एप्रिलात तिथल्या रात्री गार असतात. मी म्हटलं, "माझी नको मोजूस." दादीने जुन्या साड्यांची शिवलेली गोधडी माझ्या कपाटात आहे. मुलगी म्हणाली, "अम्मी, किती जड आहे ती! सामानाचं वजन?"

"माझे दोन ड्रेस कमी कर," मी म्हटलं. गोधडी रुंद आहे. दोघी बहिणी तिच्यात आरामात मावतील.