पाहुण्याआधी घर

नागपूरहून समुद्र शेकडो मैल दूर. तरीही लेकीच्या हट्टापायी आमच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी आली. लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम सागरी मीठ विरघळवले आणि दुसऱ्याच दिवशी दोन क्लाऊनफिश सोडले. पाचव्या सकाळी ते निश्चल आढळले.

"पप्पा, पाणी तर स्वच्छ होतं ना?"

मी निरुत्तर झालो. माशांच्या उत्सर्गातून निर्माण होणारा विषारी अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. तो निष्प्रभ करणारे जीवाणू रुजायला 4 ते 6 आठवडे लागतात. या खेपेला लेक रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकत राहिली. सहा आठवड्यांनी नवा मासा आणला. त्याच्या पाण्यात टाकीचे पाणी तासभर थेंबथेंब मिसळले, मगच त्याला आत सोडले.

पाहुणा येण्याआधी घर सिद्ध करावे लागते. माझ्या उतावळेपणाची किंमत मात्र दोन मुक्या जिवांनी मोजली.