बेळगावात परका कोण?

मिरज मागे पडले आणि कुडची, रायबाग, घटप्रभा अशी स्टेशने येऊ लागली, की डब्यातल्या बोलण्याचा सूर पालटतो. मराठीचा हेल लांबतो, मधूनच कानडी शब्द डोकावतात, आणि कोणते वाक्य कोणत्या भाषेत सुरू होऊन कोणत्या भाषेत संपले, हे बोलणाऱ्यालाही सांगता येत नाही. नकाशावर सीमा म्हणजे ठळक रेघ. इथे ती दुधात साखर विरघळावी तशी विरघळलेली.

बेळगावच्या खडेबाजारात एका कापडदुकानात मी टेकलो. मालकांनी माझ्याशी मराठीत घासाघीस केली, शेजारच्या बाईंना कानडीत लुगडी दाखवली आणि तिसऱ्या गिऱ्हाइकाचा हिशेब दखनी हिंदीत चुकता केला.

"काका, तुमची घरची भाषा कोणती हो?" मी विचारले.

"उधारी कुणाकडून वसूल करायची, त्यावर आहे!" ते हसून म्हणाले.

अशा गावात परका कोण, हे ठरवावे तरी कसे? पण ते ठरवले जाते, आणि ठरते ते सभेत. १९४६ साली इथे भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी गाव म्हैसूर राज्यात गेले. १९६७ साली महाजन आयोगाने ते तिथेच ठेवावे म्हटले. महाराष्ट्राला ते मानवले नाही आणि २००४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१२ साली इथे सुवर्ण विधानसौध उघडले, २०१४ साली गाव 'बेळगावी' झाले. दर १ नोव्हेंबरला एका रस्त्यावर लाल-पिवळ्या झेंड्यांचा राज्योत्सव असतो, तर मराठी मंडळी काळा दिवस पाळतात.

आपल्या भाषेत सरकारी कागद मिळावा, ही मागणी रास्तच आहे. पण त्या वाक्याला टाळी पडत नाही. टाळी पडते ती "ते आपल्याला गिळायला टपले आहेत" या वाक्याला! 'ते' म्हटले की 'आपण' आपोआप उभे राहतो. जातीची, पेठेची, पक्षाची भांडणे तेवढ्यापुरती मिटतात. म्हणून वक्त्यांना, मग ते कोणत्याही भाषेतले असोत, 'ते' फार लागतात.

गंमत पाहा. इथल्या काही व्यासपीठांवर मराठी माणूस उपरा. मुंबईत १९६६ नंतर तोच भूमिपुत्र, आणि दक्षिणेकडचा कारकून नि उडपी हॉटेलवाला उपरा. भाषण तेच, फक्त नावे बदललेली. १९६९ च्या फेब्रुवारीत याच सीमाप्रश्नावरून मुंबईत दंगल उसळली आणि माणसे मेली, तीही सीमेपासून शेकडो मैलांवर.

आणि आपल्या घरात डोकवावे तर? तूप, अण्णा, अक्का हे शब्द कानडीचे देणे. पंढरीच्या विठोबाला संतांनीच कानडा म्हटले. कन्नडचे महाकवी द. रा. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी. गदगचे भीमसेन जोशी पुण्यात राहिले, मराठी अभंग आणि कानडी दासवाणी एकाच गळ्यातून गायले. त्यांना 'ते' म्हणण्याची कुणाची छाती आहे?

टिळकवाडीत १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खणलेली विहीर आहे. गांधीजी अध्यक्ष झाले, असे ते एकच अधिवेशन. तिथे एक निवृत्त मास्तर भेटले. घर मराठी, जावई कानडी.

"एक नोव्हेंबर आला की नात विचारते, आजोबा, आज मी आईकडची की बाबांकडची?"

"मग तुम्ही काय सांगता, मास्तर?"

"काय सांगणार? म्हणतो, शाळेला सुट्टी आहे, चल, कुंदा आणू!"

बेळगावचा कुंदा दोन्ही भाषांचा अभिमान. तो इथे पहिल्यांदा केला म्हणे राजस्थानातून आलेल्या हलवायांनी! पण त्याच्यावर दावा सांगताना ते परके होते, हे अजून तरी कोणत्याही सभेत निघालेले नाही.