सरकलेला षड्ज : १९५९ सालची एक ध्वनिमुद्रिका आणि माझी गिटार

१/ लहानपणी आजोबांच्या पेटीवर मी काफी थाट घोटला होता. गंधार आणि निषाद कोमल, उरलेले स्वर शुद्ध. तिशीत गिटार हाती घेतली आणि जॅझमधील ‘डोरियन’ स्वरावली समोर आली, तेव्हा मनाशी हसलो. हा तर आपला काफी! या अर्धसत्याने मला चारचौघांत उघडे पाडले आणि त्यातूनच १९५९ सालाचा इतिहास कळला. त्याचाच हा धागा.

२/ आधी नावाविषयी. प्राचीन ग्रीकांतील एका जनसमूहाचे नाव डोरियन. परंतु ग्रीकांची त्या नावाची स्वरावली निराळी होती. मध्ययुगीन युरोपात चर्चच्या संगीतज्ञांनी ग्रीक नावे उचलली आणि ती भलत्याच स्वरावल्यांना चिकटली. ती चूकच आज सर्वमान्य परिभाषा आहे. काफीशी साम्य खरे. पण साम्य म्हणजे उगम नव्हे, हे इतिहासाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

३/ १९४०च्या दशकात चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांनी ‘बीबॉप’ घडवला. त्यात कॉर्ड झपाट्याने बदलत आणि वादकाला त्यांचा पाठलाग करावा लागे. पार्करच्या वाद्यवृंदात ऐन विशीत वाजवलेला माइल्स डेव्हिस पुढे या धावपळीपासून दूर जाऊ लागला. कॉर्ड कमी, अवकाश अधिक; एकाच स्वरावलीत रमावे, ही त्याची नवी दिशा.

४/ २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९. न्यूयॉर्कमधील ३०व्या रस्त्यावर, एका जुन्या चर्चच्या इमारतीत कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ होता. तिथे ‘काइंड ऑफ ब्लू’ ध्वनिमुद्रित झाली. तिच्यातील पहिली रचना ‘सो व्हॉट’. पॉल चेंबर्सचा बास प्रश्न विचारतो आणि बिल इव्हान्सचा पियानो दोन कॉर्डमध्ये उत्तर देतो.

५/ रचनेचा आराखडा थक्क करणारा आहे. ३२ बारचे एक आवर्तन : १६ बार डी डोरियन, ८ बार ई फ्लॅट डोरियन, पुन्हा ८ बार डी डोरियन. बस्स. याच पथकातील जॉन कोल्ट्रेनने त्याच वर्षी मे महिन्यात ‘जायंट स्टेप्स’ ध्वनिमुद्रित केली. तिथे कॉर्डचा नुसता वर्षाव! एकाच वर्षी, एकाच माणसाने दोन टोके गाठली.

६/ आता गिटार. पाचव्या तारेवर ५, ७, ८ हे पडदे : डी, ई, एफ. चौथ्या तारेवर ५, ७, ९ : जी, ए, बी. तिसरीवर ५ आणि ७ : सी, डी. चौथ्या तारेवरचा नववा पडदा गाठताना करंगळी ताणली जाते. तोच शुद्ध धैवत, आणि तोच डोरियनचा प्राण. आळसाने आठवा पडदा दाबलात, तर थाट आसावरी होतो.

७/ दोन महिने मी हे आरोह-अवरोह, पलटे घोटले. मग पुण्यात एका मित्राच्या घरी बास आणि ड्रम्सच्या साथीला बसलो. पहिले १६ बार सुरेख गेले. सतराव्या बारला बास अर्ध्या स्वराने वर चढला आणि मी मात्र जागचा हललो नाही. क्षणात प्रत्येक स्वर खटकू लागला. कोणी काही बोलले नाही. मी मान खाली घालून थांबलो.

८/ घरी येऊन कागदावर मांडले. डी आणि ई फ्लॅट या दोन डोरियनमध्ये सातांपैकी दोनच स्वर समाईक आहेत : एफ आणि सी. बाकी पाच स्वर नेमके चुकीचे! बोटांचा दोष नव्हता; बोटे एक पडदा सरकवली की काम भागते. दोष कानाचा होता. तंबोऱ्यावर वाढलेला कान षड्जाला अचल मानतो. इथे तर षड्जच सरकतो. आठ बार परदेशात राहून घरी परततो.

९/ मूळ ध्वनिमुद्रणात गिटार नाही. पण याच आराखड्यावर कोल्ट्रेनने ‘इम्प्रेशन्स’ रचली आणि वेस मॉन्टगोमेरी ती अंगठ्याने तारा छेडत गिटारवर वाजवी. त्याला ऐकताना उमगले : सीमा ओलांडताना तो धडपडत नाही, दोन्ही प्रदेशांतून एकच वाक्य बोलतो.

१०/ म्हणून आता मी एक साधा रियाज करतो. सोळाव्या बारच्या शेवटी एफ धरून ठेवतो. खालचा बास सरकतो आणि तोच एफ, जो क्षणापूर्वी कोमल गंधार होता, तो शुद्ध ऋषभ होतो. स्वर हललेला नसतो, तरी त्याचा अर्थ बदलतो. डोळे मिटून नवा षड्ज गुणगुणतो आणि मगच बोट पुढे टाकतो.

११/ परवा त्याच मित्राकडे पुन्हा बसलो. सतरावा बार आला आणि गेला. पंचविसाव्या बारला डीवर परतलो, तेव्हा बासवाल्याने नुसती मान डोलावली. आजोबांचा काफी आजही माझ्या बोटांत आहे. आता त्याला घर सोडून परत येणेही जमते. ‘सो व्हॉट’ आज ऐका, बार मोजत ऐका, आणि षड्ज सरकतो तो क्षण स्वतः पकडा.