एक सूर्योदय, दोन जागांवरून

केनियातील मासाई मारा अभयारण्यात उष्ण हवेच्या बलूनमधून सूर्योदय पाहावा, ही इच्छा मूळची ह्यांची. निवृत्तीपासून त्यांनी ती जपून ठेवली होती. परंतु गेल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरल्याचे निमित्त झाले, पाठीचा एक मणका दबला आणि हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झाले. प्रवासापूर्वी आम्ही डॉक्टरांना विचारले. "पट्टा बांधून जंगल अवश्य पाहा, बलूनमध्ये मात्र बसू नका," ते म्हणाले. वारा असेल तर उतरताना बलूनची वेताची टोपली जमिनीवर आपटते, थोडी फरपटते, कधी आडवीही होते. धडधाकट माणसाला ती गंमत वाटते; ठिसूळ मणक्याला तेवढा धक्काही पुरतो.

"मग मीही जाणार नाही," मी म्हणाले. वर्षभर औषधे, पट्टा, व्यायाम ह्यांत माझा दिवस त्यांच्याभोवतीच फिरत होता. त्यांना खाली ठेवून आपण वर जावे, हे मनाला पटेना. त्यावर हे शांतपणे म्हणाले, "माझ्या मणक्याची शिक्षा तू का भोगतेस? तू वर जा, मी गाडीतून पाहीन. मग दोघांनी पाहिलेले एकमेकांना सांगू."

नैरोबीहून माराला मोटारीने पाच-सहा तास लागतात आणि शेवटचा रस्ता खडबडीत असतो. म्हणून आम्ही लहान विमानाने गेलो. चालकाला मणक्याविषयी सांगताच तो हसून उद्गारला, "पोले पोले." स्वाहिली भाषेत ह्याचा अर्थ सावकाश, हळूहळू. त्याने तो शब्द शेवटपर्यंत पाळला.

पहाटे अंधारातच आम्ही निघालो. मारा समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर असल्याने हवेत चांगलाच गारठा होता. माळावर प्रचंड पंख्यांनी बलूनमध्ये हवा भरली जात होती. मग ज्योत भडकली आणि आडवे पडलेले ते कापड हळूहळू उभे राहिले. पहाटेच उड्डाण का, हे वैमानिकाने सांगितले. त्या वेळी हवा थंड आणि स्थिर असते. ऊन चढले की तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट उठू लागतात. बलूनला सुकाणू नसते. वेगवेगळ्या उंचीवर वाऱ्याच्या दिशा वेगळ्या असतात. वर-खाली होत हवा तो वारा शोधायचा, एवढेच वैमानिकाच्या हाती. उतरताना पाठ टेकून, गुडघे दुमडून, दोरीच्या कड्या घट्ट धरून कसे बसायचे, ह्याचा सरावही त्याने आधी करून घेतला.

जमीन केव्हा सुटली, ते कळलेच नाही. ज्योत थांबली की सारे निःशब्द. क्षितिजावर सूर्य आला आणि खालचे गवत सोनेरी झाले. मासाईंच्या माआ भाषेत 'मारा' म्हणजे ठिपक्यांचे. वरून पाहिले तेव्हा ते नाव डोळ्यांना पटले. विखुरलेली झाडे, झुडपांची बेटे, चरणारे विल्डबीस्ट आणि झेब्रे, सारे ठिपकेच. त्यांत एक ठिपका आमच्या गाडीचा असेल, असे समजून मी हात हलवला आणि डोळे भरून आले.

तासाभराने खाली आलो. टोपली दाणकन आपटली, उसळली, फरपटली आणि कलली. माझे दात एकमेकांवर आदळले. डॉक्टरांचा नकार त्या क्षणी मला अंगाने कळला.

न्याहारीच्या जागी हे चहाचा पेला घेऊन बसले होते. "चालकाने इंजिन बंद केले होते. नदीतल्या पाणघोड्यांचे हुंकार ऐकले," ते म्हणाले. "आणि तुमच्या बलूनची सावली माझ्या अंगावरून गेली." ही गोष्ट मला वरून दिसली नव्हती.

असा बेत करणाऱ्या ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांनी काही गोष्टी आधीच पाहाव्यात. टोपलीत चढता येईल का आणि तासभर उभे राहता येईल का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे. हाडांचा ठिसूळपणा, अलीकडची शस्त्रक्रिया किंवा तोल जाण्याचा त्रास डॉक्टरांपासून आणि उड्डाण करवणाऱ्यांपासून लपवू नये. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते आणि भारतात परतताना तिचे प्रमाणपत्र तपासले जाते. मात्र वयाच्या 60 वर्षांनंतर ती प्रथमच घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका, दुर्मीळ असला तरी, वाढतो. म्हणून ती वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावी. हिवतापावरील प्रतिबंधक औषधांविषयीही तेव्हाच विचारावे. गरम कपडे आणि ज्योतीच्या धगीसाठी टोपी जवळ असावी. प्रवास विम्यात तातडीने रुग्णालयात हलवण्याचा खर्च धरलेला असावा.

आणि घरातल्या कोणाला खाली थांबावे लागले, तर त्यांच्यासाठीही त्या सकाळची चांगली जागा शोधून ठेवावी. आमच्या घरी अजून चहाच्या वेळी तो सूर्योदय निघतो. अर्धा हे सांगतात, अर्धा मी.