पाण्यातील शेजारणी

थायलंडमधील चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यात भातखाचरे, चर आणि दलदली यांत पाणी संथपणे साचून राहते. त्या कोमट, उथळ आणि गवताने भरलेल्या पाण्यात बोटाएवढा एक मासा राहतो. थाई लोक त्याला ‘प्ला कात’ म्हणजे ‘चावणारा मासा’ म्हणतात. आपल्याकडील हौशी लोकांना तो ‘बेट्टा’ या नावाने ठाऊक आहे. पदराप्रमाणे लहरणारे पर आणि मोरपिसाची आठवण करून देणारे रंग हे नराचे वैभव. दोन नर समोरासमोर आले की कल्ले फुलवून एकमेकांवर तुटून पडतात. थिओडोर कँटर या वैद्याने १८४९ साली या माशाविषयी लिहिले, ते त्याच्या झुंजींच्या संदर्भात. पुढे १९१० साली टेट रेगन यांनी त्याला ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ हे शास्त्रीय नाव दिले. त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘झळाळणारा’. २०१९ साली थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. हे सारे कौतुक खरे पाहता नराचेच.

मादीकडे त्या मानाने कोणाचे फारसे लक्ष जात नाही. तिचे पर आखूड, अंग भरीव आणि रंग बहुधा फिकट. पोटाखाली मोहरीहून लहान असा पांढरा ठिपका असतो. तेथूनच ती अंडी घालते. अंडी घातली की तिचे काम संपले. नर ती तोंडाने उचलून बुडबुड्यांच्या घरट्यात ठेवतो, त्यांची राखण करतो आणि मादीला हाकलून देतो. ती अंडी खाऊन टाकील अशी त्याला धास्ती असते, आणि ती निराधार नव्हे! आईने पिल्ले सांभाळावीत ही रीत या माशांत नाही.

अशा साध्या रूपामुळे मादी स्वभावानेही गरीब असावी असा समज पसरला आहे. दोन नर एका पेटीत ठेवू नयेत, माद्या मात्र हव्या तितक्या ठेवाव्यात, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. हे अर्धसत्य आहे, आणि त्याची किंमत माशांना द्यावी लागते.

चार-सहा माद्या एका काचेच्या पेटीत प्रथमच सोडल्या म्हणजे काय घडते ते पाहण्यासारखे असते. थोडा वेळ सगळ्या बावरून कोपरे धरतात. मग एखादी धीट मादी पुढे सरसावते, कल्ले फुलविते, दुसरीच्या अंगाला अंग लावून शेपटीचे फटकारे मारते. दुसरी पाठ फिरविते, किंवा उलट उत्तर देते. दोन-तीन दिवस असा पाठलाग चालतो आणि त्यातून मानाची एक उतरंड ठरते. अंगणातल्या कोंबड्यांतही अशीच उतरंड असते. दाणे पडताच प्रथम कोणी खावे, हिरव्या पानाखालची जागा कोणाची, हे सर्वांना न सांगता कळू लागते.

भातखाचरातही माद्या भांडत असतीलच. पण तेथे हरलेलीला पळून जायला सारे शेत मोकळे असते. काचेच्या पेटीत ती पळते, भिंतीला थडकते आणि पुन्हा त्याच वैरिणीसमोर येते. खरा दोष माशाच्या रागात नाही, त्या चार भिंतींत आहे.

म्हणून भिंतींनी जे हिरावून घेतले ते पाळणाऱ्याने भरून द्यावयाचे असते. निदान शंभर लिटर पाणी मावेल एवढी पेटी हवी. तीत पाणवनस्पतींची दाटी असावी, म्हणजे एकीची नजर दुसरीवर सतत राहत नाही. पालथी करवंटी किंवा कुंडीचा खापरतुकडा लपावयास उपयोगी पडतो. कोकणातील मुले ज्या देशी बदामाची फळे दगडाने फोडून आतली बी खातात, त्याचे वाळलेले पानही पाण्यात टाकतात. त्याने पाण्याला चहासारखा रंग चढतो आणि तळाशी आडोसाही होतो. माद्या एकत्र वाढलेल्या असल्या तर उत्तम. नसल्यास सर्वांना एकाच वेळी सोडावे, म्हणजे कोणालाच ‘हे घर माझे’ असे वाटत नाही. दोघीच ठेवणे तर वाईटच. कारण मग एकीचा सगळा राग एकटीच्याच वाट्याला येतो.

एवढे करूनही लक्ष ठेवावे लागते ते उतरंडीच्या तळाच्या मादीवर. राणी कोण हे कोणालाही ओळखता येते. तळाची मात्र दिसतच नाही. ती लपलेली असते. भ्यालेल्या मादीच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत आडवे पट्टे उमटतात. पर फाटतात, खाणे सुटते. तिची आणखी एक अडचण असते. या माशाच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, घड्याघड्यांचे एक इंद्रिय असून त्याच्या साहाय्याने तो हवा घेतो. आपल्याकडील मरळही अशीच वर येऊन हवा घेते. त्यामुळे पाणी कितीही स्वच्छ असले तरी त्या भेदरलेल्या जिवाला थोड्याथोड्या वेळाने लपण्याची जागा सोडून, वैरिणींच्या देखत, पृष्ठभागापर्यंत जावेच लागते. ती बाणासारखी वर जाते, घोट घेते आणि त्याच वेगाने परतते.

हे दिसू लागले की वाट पाहू नये. ‘सवय होईल’ असे म्हणत बसणाऱ्यांच्या पेटीत एके सकाळी एक मासा कमी असतो. काही माद्या कितीही सोय केली तरी शेजार सोसत नाहीत. काहींना तो सोसवत नाही. मोठ्या समूहपेट्या महिनोन्महिने सुखाने नांदल्या आणि मग अकस्मात बिघडल्या, असेही घडते. म्हणून शहाणा पाळणारा मोठ्या पेटीच्या आधी एक लहान, रिकामी पेटी तयार ठेवतो.

तळाची मादी त्या लहान पेटीत एकटी सोडली म्हणजे पहिल्या दिवशी पानाखालून हलत नाही. काही दिवसांनी अंगावरचे पट्टे पुसट होतात. मग ती सावकाश वर येते, हवेचा घोट घेते आणि पृष्ठभागाशीच थोडी रेंगाळते. मोठ्या पेटीत मात्र तळाची जागा आता दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलेली असते, आणि पाळणाऱ्याला उद्यापासून तिच्याकडे पाहावयाचे असते.